आंद्रेआ नावाचा अर्थ कुणी ठरवला?

आंद्रेआ हे नाव ऐकले की मराठी माणसाला बहुधा बाईच आठवते. शेवटचा ‘आ’ तसे सुचवतो, आणि इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश या भाषांत हे नाव बायकांचेच आहे. इटलीत मात्र शतकानुशतके आंद्रेआ म्हणजे पुरुष. गायक आंद्रेआ बोचेल्ली, फुटबॉलपटू आंद्रेआ पिर्लो, कादंबरीकार आंद्रेआ कामिल्लेरी. मागे गेले तर वास्तुविशारद आंद्रेआ पाल्लादिओ, चित्रकार आंद्रेआ मान्तेन्या, जिनोआचा दर्यासारंग आंद्रेआ दोरिया. उच्चारताना जोर मधल्या ‘द्रे’वर येतो.

नावांचे कोश याचा अर्थ एका शब्दात सांगतात : पुरुष. कुणी ‘शूर’ म्हणतो, कुणी ‘मर्दानी’. मूळ ग्रीक आहे आणि ते मूळ खरेच ‘पुरुष’ असे सांगते, त्यात वाद नाही. पण हे नाव लेकराला ठेवणाऱ्या किती जणांच्या मनात तो अर्थ होता? या नावाचा जितका मागोवा घेता येतो तितका घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की जवळजवळ कुणाच्याच नव्हता. नाव टिकले ते एका कोळ्यामुळे, त्याच्या अस्थींमुळे आणि घराघरांतल्या आजोबांमुळे. मुळातला अर्थ जोरात पुढे आला तो फार उशिरा, एका मुलीचे नाव सरकारदरबारी अडले तेव्हा.

आधी मुळाकडे जाऊ, कारण ते आपल्याही घरचे आहे. ग्रीकमध्ये पुरुषाला ‘अनेर’ म्हणत, आणि ‘पुरुषाचा’ म्हणायचे तर ‘आन्द्रोस’. याच कुळातला संस्कृत शब्द ‘नृ’ किंवा ‘नर’, जो मराठीत नरमादी, नरवीर, नरहरी असा रोज वावरतो. इराणच्या अवेस्ता भाषेतही तो ‘नर’ असाच आहे. इटलीच्या भूमीवरही या कुळाची एक जुनी शाखा होती : मध्य इटलीतल्या सॅबाइन लोकांच्या बोलीत ‘नेरो’ म्हणजे बळकट, धाडसी, असे रोमन चरित्रकार सुएटोनियसने नोंदवले आहे. सम्राट नीरोच्या घराण्यात ते नाव तिथूनच आले.

ग्रीक रूपातला ‘द’ कुठून आला हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. ‘न’ आणि ‘र’ एकमेकांना भिडले की जिभेला मध्ये ‘द’चा टेकू लागतो. ‘वानर’चे ‘वांदर’ झाले ते याच कारणाने. ‘अन्रोस’चे ‘आन्द्रोस’ झाले तेही तसेच. हेच ‘आन्द्र’ आपल्याकडे आणखी एका वाटेने फार पूर्वी येऊन पोचले आहे. ‘अलेक्सान्द्रोस’ म्हणजे माणसांचे रक्षण करणारा. अरबी-फारसी तोंडात सुरुवातीचा ‘अल’ गळाला, इस्कंदर झाले, मग सिकंदर. सिकंदर हे नाव ठेवणाऱ्या महाराष्ट्रातल्या घरात आणि आंद्रेआ हे नाव ठेवणाऱ्या पादुआतल्या घरात हा एक तुकडा सामाईक आहे.

‘आन्द्रेआस’ या पूर्ण ग्रीक नावाबद्दल नामाभ्यासकांचे म्हणणे मला पटते. ते असे की मुळात हे स्वतंत्र अर्थाचे नाव नसून आन्द्रोनिकोससारख्या लांब जोडनावांचे घरगुती आखूड रूप आहे. पांडुरंगाचा पांडू होतो, दत्तात्रयाचा दत्तू होतो. पांडू म्हणजे काय, असे कुणी विचारले तर ‘फिकट वर्णाचा’ हे उत्तर कोशात सापडेल, पण पांडूच्या आईच्या मनात ते कधीच नव्हते. आन्द्रेआसचेही तसेच झाले असावे. शौर्य हा अर्थ त्याला शेजारच्या शब्दामुळे चिकटला. ग्रीकमध्ये धैर्याला ‘आन्द्रेइआ’ म्हणतात. प्लेटोचा ‘लाखेस’ हा संवाद याच एका शब्दाभोवती फिरतो : धैर्य म्हणजे नेमके काय, याचे उत्तर दोन अनुभवी सेनापतींनाही नीट देता येत नाही. गंमत अशी की पुरुषापासून निघालेला हा शब्द व्याकरणात स्त्रीलिंगी आहे. लॅटिनमध्ये ‘वीर’पासून निघालेला ‘विर्तुस’ही स्त्रीलिंगी, आणि मराठीत मर्दुमकी गाजवायची तर तीही स्त्रीलिंगीच. पुढे इटलीत जो वाद झाला त्याच्या संदर्भात ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ख्रिस्ताआधीही हे नाव होते. पेलोपोनीजमधल्या सिक्योन नगरीच्या जुन्या सत्ताधीश घराण्याच्या मुळाशी एक आन्द्रेआस सांगतात. इसवी सनापूर्वी २१७ मध्ये इजिप्तचा राजा चौथा टॉलेमी राफियाच्या लढाईला उभा राहिला, तेव्हा लढाईआधी त्याच्या तंबूत मारेकरी घुसला. राजा तिथे नव्हता, बळी गेला तो राजवैद्य आन्द्रेआस. पोलिबियसने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

दक्षिण इटली आणि सिसिली तर एके काळी ग्रीकांनीच वसवलेली. तारांतो, नेपल्स, सिराक्युज ही सगळी ग्रीक नगरे. लॅटिनमध्ये पहिले नाटक रंगमंचावर आणणारा लिवियस आन्द्रोनिकस (इसवी सनापूर्वी २४०) तारांतोचाच ग्रीक, आणि त्याच्या नावातही हेच ‘आन्द्र’. सालेन्तो आणि कालाब्रियाच्या काही गावांत आजही ग्रीकची एक बोली बोलली जाते. त्यामुळे आंद्रेआ हे नाव या जुन्या ग्रीक वसाहतींतूनच इटलीभर पसरले असेल असे वाटणे साहजिक आहे. तसे झालेले नाही. अशी कितीतरी ग्रीक नावे रोमच्या काळात विरून गेली. आंद्रेआ आले ते गालील सरोवराच्या काठावरून.

मराठी बायबलमध्ये येशूच्या या कोळी शिष्याचे नाव अंद्रिया आहे. हे रूप शेवटच्या ‘आ’सह इटालियन रूपाच्या अगदी जवळचे आहे, इंग्रजी ‘अँड्र्यू’पेक्षा कितीतरी जवळचे. शिमोन पेत्राचा भाऊ, बेथसैदा गावचा, धंद्याने मासेमार. योहानाच्या शुभवर्तमानात तो आधी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिष्य आहे. तिथून उठून येशूच्या मागे जाणाऱ्यांत तो पहिला, आणि मग भावालाही तोच बोलावून आणतो. म्हणून ग्रीक चर्च त्याला ‘प्रथम पाचारलेला’ म्हणते. भावाचे नाव शिमोन, अस्सल हिब्रू. याचे मात्र ग्रीक. एका ज्यू कोळ्याच्या घरात ग्रीक नाव कसे, याचे उत्तर त्या मुलखात आहे. अलेक्झांडरनंतरची तीनशे वर्षे तिथे ग्रीक ही व्यापाराची आणि कारभाराची भाषा होती. त्याच गावचा दुसरा शिष्य फिलिप्प, त्याचे नावही ग्रीकच, ‘घोड्यांवर प्रेम करणारा’ अशा अर्थाचे. योहानाच्या बाराव्या अध्यायात काही ग्रीक लोक येशूला भेटू इच्छितात. ते जातात फिलिप्पाकडे, आणि फिलिप्प जाऊन सांगतो अंद्रियाला. बारा शिष्यांत निखळ ग्रीक नावाचे हे दोघेच मानले जातात, आणि परक्यांशी गाठ घालून देण्याचे काम नेमके त्यांच्याकडे येते. शुभवर्तमानातली ही बारीक जागा मला फार आवडते. इथे नावाचा कोशातला अर्थ काही करत नाही, नाव कोणत्या भाषेचे आहे ते मात्र खूप काही करते.

परंपरेप्रमाणे अंद्रियाला ग्रीसमधल्या पात्रास इथे क्रुसावर दिले. त्याचा क्रूस फुलीसारखा तिरपा होता ही समजूत बऱ्याच नंतरची. अस्थी चौथ्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला नेल्या गेल्या, आणि इटलीतल्या आंद्रेआ नावाच्या इतिहासाला खरे बळ मिळते ते तिथून. १२०४ मध्ये चौथ्या क्रूसेडच्या सैन्याने ते शहर लुटले. धर्मयुद्धासाठी निघालेल्यांनी ख्रिस्ती राजधानीच ओरबाडली. त्या धामधुमीत कार्डिनल पिएत्रो कापुआनो याने अंद्रियाच्या अस्थी मिळवल्या आणि १२०८ मध्ये आपल्या गावी, नेपल्सच्या दक्षिणेला असलेल्या अमाल्फीला आणल्या. अमाल्फीच्या कॅथेड्रलच्या तळघरात त्या आजही आहेत. समुद्रावर जगणाऱ्या त्या गावाला कोळी संत मिळाला. मस्तक मात्र पात्रासला राहिले होते. तुर्कांनी मोरिया (पेलोपोनीज) जिंकल्यावर शेवटच्या बायझंटाइन सम्राटाचा भाऊ तोमास पालायोलोगोस ते घेऊन इटलीला पळाला, आणि १४६२ च्या एप्रिलमध्ये पोप दुसरे पायस यांनी रोमच्या वेशीवरच्या मिल्व्हिओ पुलापाशी जाऊन ते समारंभाने स्वीकारले. पाचशे वर्षांनी, १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल यांनी ते ग्रीकांना परत दिले. लुटीतला आणि आश्रयातला असा दोन्ही वारसा या नावामागे आहे. मला वाटते, आंद्रेआबद्दल लिहिताना ‘ग्रीक मूळ, अर्थ पुरुष’ एवढ्यावर थांबणारे कोश यातले काहीच सांगत नाहीत.

आता तो शेवटचा ‘आ’. ग्रीक आन्द्रेआस, लॅटिन आन्द्रेआस, आणि लॅटिनचे अन्त्य व्यंजन इटालियनने टाकून दिल्यावर उरले आंद्रेआ. लुकास-चे लुका झाले ते असेच, मात्थिआस-चे मात्तिआ, आयनेआस-चे एनेआ. इटालियनमध्ये पुरुषांची नावे सहसा ‘ओ’ने संपतात आणि बायकांची ‘आ’ने, म्हणून ही मूठभर नावे परक्याला बुचकळ्यात टाकतात. इटालियनांना कधीच टाकत नव्हती, कारण त्यांच्या कानात संत आधी होता आणि व्याकरण नंतर. दादा, अण्णा, आप्पा ऐकून आपण कुठे गोंधळतो? इतर भाषांनी आपापली वाट धरली. स्पॅनिशने पुरुषासाठी शेवटचा ‘स’ जपला, आन्द्रेस, आणि ‘आन्द्रेआ’ बाईसाठी मोकळे राहिले. जर्मनचेही तेच, तिथे पुरुष आन्द्रेआस. पोर्तुगीज आणि फ्रेंचांनी शेपूटच छाटून ‘आंद्रे’ केले. म्हणजे एकाच नावाचे लिंग बदलले ते अर्थामुळे नव्हे, एका ‘स’मुळे.

मध्ययुगाच्या अखेरीस आणि प्रबोधनकाळात इटलीत आंद्रेआंची रेलचेल आहे. फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाचे पहिले कांस्यद्वार आंद्रेआ पिसानोचे. लिओनार्दोचा गुरू आंद्रेआ देल व्हेरॉक्किओ. चित्रकार आंद्रेआ देल सार्तो, म्हणजे शिंप्याचा आंद्रेआ, कारण बाप शिंपी होता. बोकाच्चोच्या ‘देकामेरॉन’मध्ये घोडे विकत घ्यायला नेपल्सला गेलेला आणि लुबाडला गेलेला तरुण आंद्रेउच्चो आहे, आपल्याकडे ‘पांड्या’ म्हणावे तसे ते रूप. आडनावे तर किती : दांद्रेआ, आन्द्रेओली, आणि सात वेळा पंतप्रधान झालेले जूलिओ आन्द्रेओत्ती. पाल्लादिओचे उदाहरण यात वेगळे आहे. पादुआत १५०८ मध्ये जन्मलेला हा गवंडीकाम शिकलेला मुलगा, आंद्रेआ दि पिएत्रो. त्याच्यातले गुण हेरून विद्वान आश्रयदाता त्रिस्सिनो याने त्याला नवे नाव दिले ते पाल्लादिओ, ग्रीक देवी पाल्लास अथेनेवरून. त्याच्या नावाचे दोन्ही भाग ग्रीक आहेत, पण एक चर्चमधून आला आणि दुसरा ग्रंथालयातून. पहिला कुणी अर्थ पाहून ठेवला नव्हता. दुसरा फक्त अर्थासाठीच ठेवला होता.

सामान्य घरांत नाव कसे ठरे ते फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या घरगुती वह्यांतून कळते. घरातले कुणी वारले की पुढच्या बाळाला त्याचे नाव देत, आणि त्यासाठी वापरायचे क्रियापद होते ‘रिफारे’, म्हणजे पुन्हा घडवणे. गेलेल्या आंद्रेआला पुन्हा घडवायचे म्हणून नवा आंद्रेआ. दक्षिणेत पहिल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव देण्याची रीत कालपरवापर्यंत घट्ट होती. आजोबांचे नाव नातवाला ठेवणाऱ्या मराठी घराला यात नवल वाटणार नाही. शिवाय ३० नोव्हेंबर हा संत आंद्रेआचा दिवस, त्या दिवशी घरातल्या आंद्रेआचे वाढदिवसासारखे कौतुक. हे सगळे मिळून नाव जिवंत ठेवते. या साखळीत ‘पुरुष’ हा अर्थ कुठेच लागत नाही.

या नावाचा एक इटालियन धनी आपल्या किनाऱ्यावरही येऊन गेला. फ्लॉरेन्सचा आंद्रेआ कोर्साली पोर्तुगीजांच्या गलबतांतून हिंदुस्थानात आला आणि कोचीनहून त्याने जूलियानो दे मेदिची याला लिहिलेले पत्र १५१६ मध्ये फ्लॉरेन्सला छापले गेले. त्यात त्याने दक्षिण आकाशातल्या त्रिशंकूचे तारे रेखाटले. रक्त असलेले काहीही न खाणाऱ्या आणि जीवाला इजा न करणाऱ्या गुजराती लोकांबद्दल लिहिताना त्याला आपल्या गावचा लिओनार्दो दा विंची आठवला. आणि गोव्याजवळच्या दिवाडी बेटावर पोर्तुगीजांनी पाडलेल्या एका जुन्या देवळाबद्दल, तिथल्या काळ्या दगडातल्या कोरीव मूर्तींच्या कारागिरीबद्दल, त्याने हळहळून लिहिले. पुढे सत्तर वर्षांनी दुसरा एक फ्लॉरेन्सकर, फिलिप्पो सास्सेत्ती, कोचीन आणि गोव्यात राहिला आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारला. आपल्या पत्रांत त्याने नोंदवले की इथल्या पंडितांच्या भाषेतले सहा, सात, आठ, नऊ हे आकडे, देव आणि सर्प हे शब्द आपल्या इटालियन शब्दांसारखे आहेत. संस्कृत आणि युरोपीय भाषांचे नाते मांडणाऱ्या विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षे आधीची ही नोंद. फिलिप्पो या त्याच्या नावातला ‘हिप्पोस’ हा संस्कृत ‘अश्व’चा सख्खा भाऊ आहे, जसा आंद्रेआमधला ‘आन्द्र’ हा ‘नर’चा. पण ते कळण्याइतकी साधने त्याच्या काळी कुणाकडेच नव्हती.

गोव्यात रुजले ते मात्र पोर्तुगीज रूप. गोवा वेल्हा इथले संत आंद्रे चर्च तिथून निघणाऱ्या संतांच्या मिरवणुकीसाठी प्रसिद्ध आहे, आणि गोवा विधानसभेतला सांत आंद्रे मतदारसंघ निवडणुकीच्या बातम्यांतून मराठी वाचकाच्या नेहमी कानावर पडतो. वांद्र्याच्या समुद्रकाठचे सेंट अँड्र्यूज चर्चही पोर्तुगीज अमदानीतले.

आता इटलीतल्या त्या वादाकडे. तिथे बाळाचे नाव ही केवळ आईबापांच्या हौसेची बाब नाही. २००० सालच्या जन्मनोंदणी नियमावलीनुसार हयात बापाचे नाव मुलाला देता येत नाही, हयात भावंडाचे देता येत नाही, हास्यास्पद किंवा लाजिरवाणे नाव चालत नाही. आणि पस्तिसावे कलम सांगते की नाव मुलाच्या लिंगाशी जुळणारे हवे. आईबाप अडूनच बसले तर अधिकारी त्यांना समज देतो, नाव नोंदवतो आणि सरकारी वकिलाला कळवतो. मग दुरुस्तीसाठी प्रकरण न्यायालयात जाते. जिनोआतल्या एका जोडप्याने मुलाचे नाव ‘व्हेनेर्दी’, म्हणजे शुक्रवार, ठेवले तेव्हा न्यायालयाने ते हास्यास्पद ठरवले आणि मुलाच्या जन्मदिवशी ज्या संताचा सण येतो त्याचे नाव त्याला दिले, ग्रेगोरिओ. तेही मुळात ग्रीक, ‘जागा असलेला’ अशा अर्थाचे. राज्यसंस्थेला स्वतः नाव निवडायची वेळ आली तेव्हा तीही पंचांगातल्या संताकडेच वळली.

मुलीला आंद्रेआ नाव ठेवणाऱ्यांची अडचण पस्तिसाव्या कलमामुळे होत होती. मुलीसाठी आन्द्रेइना हे रूप आहे, ते घ्या, असा सल्ला मिळे. विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा व्युत्पत्तीचा : ज्या नावाचा अर्थच पुरुष, ते मुलीला कसे? हा मुद्दा ऐकायला भक्कम वाटतो, पण मला तो तकलादू वाटतो. याच मुळातून निघालेली आन्द्रोमाखे आणि आन्द्रोमेदा ही नावे ग्रीकांनी स्वतःच स्त्रियांना दिली होती. कासान्द्रा, आलेस्सान्द्रा इटलीत सर्रास चालतात, आणि त्यांच्यातही तोच ‘आन्द्र’ बसलेला आहे. नोंदणी कचेरीत आलेस्सान्द्राला कुणी कधी व्युत्पत्ती विचारली नाही. म्हणजे अडसर अर्थाचा नव्हताच. सवयीचा होता, आणि सवयीने अर्थाचा आधार घेतला होता.

नोव्हेंबर २०१२ मध्ये इटलीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, कास्सात्सिओनेने, निकाल दिला की मुलीला आंद्रेआ हे नाव ठेवता येईल. कितीतरी देशांत ते मुलींचेच नाव आहे आणि मुलीला ते दिल्याने त्यात काही हास्यास्पद किंवा लाजिरवाणे होत नाही, असा त्याचा आशय होता. मला निकाल योग्य वाटतो, आणि त्याचे कारण निव्वळ उदारपणा नाही. ज्या नावाला स्पेन-जर्मनीत एका ‘स’ने बाईचे केले ते इटलीत कायम पुरुषाचेच राहावे, असे भाषेच्या इतिहासात काहीच नाही. संत आंद्रेआचा मान यात कमी होतो असेही नाही. आपल्याकडे किरण मुलगाही असतो आणि मुलगीही, आणि कृष्णा हे देवाचे नाव आणि नदीचेही.

‘मग कागदोपत्री गोंधळ होईल’ हा आक्षेप उरतो. त्याचे उत्तर इटलीच्या प्रशासनाकडे १९७० च्या दशकापासून तयार आहे. तिथे प्रत्येकाला कर-संकेतांक असतो, ‘कोदीचे फिस्काले’. आंद्रेआ रोस्सी असे नाव घेऊ. आधी आडनावातली तीन व्यंजने येतात, आर-एस-एस. मग नावातली तीन, एन-डी-आर. पुढे जन्मवर्षाचे दोन आकडे, महिन्याचे अक्षर, मग तारीख. बारा तारखेला जन्मलेल्या मुलासाठी १२ लिहितात. त्याच दिवशी जन्मलेल्या मुलीसाठी तारखेत चाळीस मिळवतात, म्हणजे ५२. त्यानंतर जन्मगावाचा संकेत आणि पडताळणीचे अक्षर. दवाखाना, बँक, घरभाडे, नोकरी, सगळीकडे हा संकेतांक लागतो, आणि माणूस पुरुष आहे की बाई हे त्यातून आपोआप कळते. नावाने ते सांगायलाच हवे अशी राज्यव्यवस्थेची गरज २०१२ च्या कितीतरी आधी संपली होती.

कलम मात्र पुस्तकात जागेवर आहे. २०१२ च्या निकालाने आंद्रेआला वाट दिली, नाव लिंगाशी जुळावे हे वाक्य खोडले नाही. लुका, मात्तिआ, एनेआ ही आंद्रेआच्याच घडणीची नावे, तसाच ग्रीक-लॅटिन शेवट गाळून ‘आ’वर आलेली. यातले एखादे नाव मुलीला ठेवू पाहणाऱ्या आईबापांपुढे तेच पस्तिसावे कलम आजही उभे आहे.